शौकाच्या डोंगरात अस्वलाची तालीम

अमिरातीत अस्वल नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी घाबरून हॉटेलचं बुकिंग रद्द करायचं. तरीही फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही तिघं अस्वलापासून जीव कसा वाचवायचा ते शिकायला शारजाहून शौकाच्या डोंगरात गेलो होतो.

आमची सना सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करते. कॉलेजातली तिची मैत्रीण आता कॅनडात असते. तिनं जूनमधल्या ट्रेकचं आमंत्रण दिलं. चार दिवस जंगलात, पाठीवर बिऱ्हाड, रस्त्यापासून लांब, आणि त्या जंगलात काळी अस्वलं. पोरगी स्वतः कमावते, तिकीट तिच्या पैशाचं. मला न विचारता गेली असती तरी मी काय करणार होते? पण तिनं सांगितलं, "अम्मी, तू हो म्हणाल्याशिवाय नाही जाणार. बट यू हॅव टू सी फर्स्ट." म्हणजे नाही म्हणायचं तर आधी तिची तयारी डोळ्यांनी बघून म्हणायचं. मी नाहीच म्हणणार होते, बघून काय नि न बघून काय.

तालमीच्या आधीचे दोन आठवडे आमच्या घरात संरक्षणाचा बाजार भरला होता. माझे मिस्टर इक्बाल, रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर एखादा पार्ट मिळतोच अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी शिट्टी आणली. ट्रकचा हॉर्न आणायला निघाले होते, तो सनानं थांबवला. तिचा स्वतःचा हिशेब साधा होता. पहिली वस्तू खाण्याची पेटी, जाड प्लॅस्टिकचा गोल डबा, झाकण असं की अस्वलालाच काय, मलाही उघडेना. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये झाले, आणि माझ्या तांदळाच्या डब्याहून लहान. दुसरी वस्तू मिरचीचा फवारा. तो विमानात कुठल्याच बॅगेतून नेता येत नाही, इथे बाळगणंही कायद्यात बसत नाही, तेव्हा तो तिथे उतरल्यावरच घ्यायचा. तालमीला तिनं पाण्याची फवारणीची बाटली पट्ट्याला अडकवली. आणि तिसरं, आवाज.

"कुणाचा आवाज?" मी विचारलं.

"माझा."

मला हसू आलं. ही पोरगी फोनवर बोलते ते शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही.

जुम्म्याची नमाज झाली आणि आम्ही निघालो. शारजातून बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खरं तर डोंगर गाठून परत यावं, पण एकदा कलबाच्या रस्त्याला लागलं की सुटलो. मलीहाच्या आसपास वाळू लाल होते, मग मधेच काळे दगड डोकं वर काढतात. वाटेत जनावरांच्या खाद्याचं एक दुकान दिसलं आणि इक्बालनी गाडी थांबवली. परत आले ते पितळी घंटा घेऊन. शेळीच्या गळ्यातली असते तसली.

"पंधरा दिरहम. साडेतीनशे रुपये. बॅगेला बांध, अस्वल लांबूनच पळेल."

"अब्बा, घंटेचा आवाज लांब जात नाही. बेंडच्या पलीकडे त्याला कळतच नाही, आणि अचानक समोर आलं की ते घाबरतं. ह्यूमन व्हॉइस इज बेटर."

इक्बालनी घंटा वाजवून बघितली, मलाही वाजवायला दिली आणि मग गुपचूप स्वतःच्याच बॅगेला बांधली.

शौकाला धरणाजवळ गाड्या लावायला भरपूर जागा आहे. तिथलं चहाचं दुकान चुकवू नका. करक चहा दोन दिरहम, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस रुपये, पण दूध आटवलेलं आणि वेलची खरी. तिथून पुढे खुणा केलेल्या पायवाटा आहेत. माझ्यासारख्या गुडघेवालीनं काठी घ्यावी, दगड सुटे आहेत. तंबू कधीही वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, लावू नका. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी न सांगता खाली येतं. आम्ही एका बोरीच्या झाडाजवळ उंचवटा धरला.

चालताना नियम असा की वळण आलं की बोलायचं. सना म्हणायची, "हेऽ बेअर." इक्बाल मागून, "यल्ला, यल्ला, चलो." मग घंटा. मी सगळ्यांत शेवटी, मनात आयतुल कुर्सी, रक्षणासाठी पढतात ती आयत. समोरून एक वयस्कर अरब गृहस्थ नातवाला घेऊन येत होते. त्यांनी थांबून विचारलं, "वेअर इज बेअर?"

"बेअर कॅनडा में है, हबीबी. इधर सिर्फ प्रॅक्टिस," इक्बाल म्हणाले.

ते जराही हसले नाहीत. नातवाला जवळ घेतलं, हात वर केला आणि म्हणाले, "इन्शाल्ला, नो बेअर." मला तो माणूस फार आवडला. आख्ख्या प्रवासात माझ्या बाजूचं बोललेला तो एकटाच.

मुक्कामाच्या जागी सनाचं राज्य सुरू झालं. तंबू एकीकडे, चूल दुसरीकडे, खाण्याची पेटी तिसरीकडे, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत चांगलं चालायचं. "अस्वलाचं नाक म्हणजे सगळं. तंबूत वास येईल असं काही नको. टूथपेस्ट नको, क्रीम नको, चॉकलेट नको. स्वयंपाकाचे कपडेही बदलायचे." असं म्हणून ती तंबूत शिरली आणि लगेच बाहेर आली.

"अम्मी, तू तंबूला बखूर दिलास?"

दिला होता. का नाही देणार? तंबू शेजाऱ्यांकडून आणलेला, वर्षभर स्टोअरमध्ये पडलेला, ओलसर कुबट वास. इथे पाहुणा यायचा असला, ईद असली, नवे कपडे असले की आपण निखाऱ्यावर बखूर टाकून धुरी देतोच. मी चांगल्यातला टाकला होता, ऊदवाला.

"पूर्ण जंगलाला इन्व्हिटेशन दिलंस तू," ती म्हणाली आणि खाली बसून हसत सुटली. मग तंबूच्या चारही झडपा वाऱ्याला उघड्या टाकल्या. एवढ्यावर निभावलं म्हणून मीही हसले. पण माझ्या बॅगेत काय होतं ते मी सांगितलं नाही.

आता ते तुम्हाला सांगते. इक्बालना शुगर आहे. पहाटे उठल्यावर कधीकधी त्यांचे हातपाय कापतात. अशा माणसाचं खाणं लांब कुठेतरी दगडाआड पेटीत ठेवायचं, जिचं झाकण उघडायला नाणं फिरवावं लागतं? माझ्या मनाला पटेना. म्हणून मी एक स्टीलचा डबा उशाशी घेऊन झोपले. त्यात तांदळाच्या भाकऱ्या, थोडे खजूर आणि पुडीत जवळ्याची चटणी. आम्ही हर्णैचे. सुक्या जवळ्याशिवाय माझ्या माहेरच्या बाईनं कधी उंबरा ओलांडलेला नाही.

पहाटे फजरला उठलो. बाटलीच्या पाण्यानं वजू केलं, उघड्यावर नमाज पढलो. डोंगर आधी करडे होते, मग त्यांच्या कडा गुलाबी झाल्या. इतकं शांत मी शारजात कधी ऐकलं नाही. नाही म्हणायचं ठरवून आलेल्या बाईनं असल्या सकाळी बघू नयेत. इक्बाल चहा टाकायला चुलीकडे गेले. सना जानमाज, म्हणजे नमाजाची सतरंजी, झटकत होती. मी डबा काढायला तंबूत गेले.

मागे खुडबुड झाली. मला वाटलं इक्बाल. म्हटलं, "घ्या, तुमच्यासाठीच काढतेय." वळून बघते तर तंबूच्या दारात गाढव. डोकं आत, कान तंबूच्या छताला टेकलेले, नाक सरळ माझ्या डब्याकडे. या डोंगरांत मोकाट गाढवं फिरतात हे माहीत होतं, लांबून गोड दिसतात. जवळून ते भलंथोरलं जनावर असतं आणि दात पिवळे असतात. मी डबा पोटाशी धरला आणि मागे सरले. मागे कापड. ते आणखी एक पाऊल आत आलं.

मग बाहेरून सना बोलली. ओरडली नाही. मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "अम्मी, हलू नकोस. डबा त्याला द्यायचा नाही. फेकायचा पण नाही. झाकण बंद आहे ना?"

मी मान हलवली, जशी काही तिला तंबूतून दिसणार होती.

ती गाढवाच्या मागून नाही आली. लाथेपासून लांब राहून, वळसा घालून त्याला दिसेल अशी बाजूला उभी राहिली. तंबूच्या जाळीतून मला ती दिसत होती. जानमाज दोन्ही हातांत डोक्यावर पसरली होती, त्यामुळे तिच्या अब्बांपेक्षा उंच वाटत होती. आणि त्याच आवाजात बोलायला लागली, या वेळी इंग्रजीत नाही. "ए, चल. चल बाहेर. माणसं आहेत इथे. तुझं काही नाही इथे. जा बाबा, आपल्या वाटेनं जा."

हे शब्द माझे. बाल्कनीत कबुतरं आली की मी हेच म्हणते, याच सुरात, गेली वीस वर्षं. ही पोर मला घरात इंग्रजीत उत्तरं देते. मला वाटायचं माझं बोलणं तिच्या कानावरून वाहून जातं. एवढ्या भीतीतही मला रडू यायला लागलं ते आनंदानं.

गाढवानं तिच्याकडे बघितलं. तिनं वादीकडची बाजू त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. त्यानं डोकं बाहेर ओढलं, दाराची जाळी थोडी फाडली, आणि खरोखरच आपल्या वाटेनं गेलं. तेवढ्यात इक्बाल चहाचं भांडं हातात घेऊन धावत आले, निम्मा चहा सांडलेला, घंटा खणखणतेय. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू तर ते न धरताच सुटलीस." मला हसू आलं नाही, कारण सना हसत नव्हती.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "मी सगळ्यांच्या बॅगा चेक केल्या. तुझी नाही केली."

"का?"

"तुझ्या बॅगेत काय मी हात घालणार?" मग म्हणाली, "आज गाढव होतं. तिथे अस्वलाला एकदा माणसाचं खाणं मिळालं ना, मग ते परत परत माणसांकडे येतं. मग त्याला गोळी घालतात. म्हणजे आपलं एवढंसं खाणं, अँड द बेअर डाइज."

मी हातातल्या डब्याकडे बघत राहिले. मला जन्मभर वाटत आलंय की माणूस घराबाहेर पडला की त्याच्याबरोबर खाणं द्यावं, म्हणजे त्याचं सगळं नीट होतं. माझ्या अम्मीला तसंच वाटायचं. त्या डब्यामुळे कुणाचा जीव जाईल, हे आमच्यात कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

इक्बालना शेवटी पेटीतलंच काढून दिलं. नाणं फिरवलं की झाकण लगेच उघडतं, एवढी काही बोंब नव्हती.

परतताना पुन्हा चहाच्या दुकानाशी थांबलो. मी म्हटलं, "फवारा विमानतळावरून निघाल्यावर पहिल्यांदा घ्यायचा. किराणा नंतर."

सनानं कप खाली ठेवला.

"आणि तो पट्ट्याला. बॅगेत ठेवलास तर मला चालणार नाही. क्लिप काढायची सवय कर, वारा कुठला आहे ते बघ. काळं अस्वल अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग नाही करायचं, मारायचं त्याला. मी वाचलंय सगळं."

"म्हणजे हो?"

"खलास. चहा पी."

इक्बालनी दुसऱ्या टेबलावरच्या दोन अनोळखी सायकलवाल्यांचेही पैसे देऊन टाकले.

खर्चाचं विचाराल तर पेट्रोल, चहा, पाणी, भाज्या धरून दीडशे दिरहमच्या आत सगळं झालं, साडेतीन हजार रुपये समजा, तंबूची जाळी शिवायचे वेगळे. घंटा आता रास अल खोरच्या दुकानाच्या दाराला आहे. गिऱ्हाईक आलं की वाजते, आणि इक्बाल प्रत्येकाला अस्वलाची गोष्ट सांगतात, ज्यात गाढव दर वेळी थोडं मोठं होतं.

जूनमध्ये ती गेली. निघायच्या दिवशी बॅग दाराशी उभी होती. मी आयतुल कुर्सी पढून तिच्यावर फुंकर घातली, मग बॅगेवर घातली. वाकले तेव्हा नाकाला कळलं. हर्णैच्या बाईचं नाक, ते काय अस्वलाला कमी आहे? गुंडाळलेल्या मोज्यांच्या आत, तीन पिशव्यांत बांधलेली जवळ्याची चटणी. इक्बाल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते, जणू त्यांनी ते आजच पाहिलं. मी पुडी काढली, मोजे परत गुंडाळले, चेन लावली. पोरीच्या बॅगेतून खाणं काढून घ्यायला माझे हात तयार नव्हते, तरी काढलं.

ती सुखरूप परत आली. अस्वल दिसलं, पण लांबून, आणि तेही पाठमोरं. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत झाडं आहेत, पायवाट आहे, आणि दर वळणावर तिचा मोठा, सपाट आवाज आहे. "माणसं आहेत इथे. जा बाबा, आपल्या वाटेनं जा." मैत्रिणी मागून तेच म्हणायचा प्रयत्न करतायत.

घरी आली तेव्हा बुटांना अजून तिकडचा चिखल होता. सलाम केला, बॅग टाकली आणि सरळ जाऊन फ्रीजर उघडला.

"कुठे ठेवलंस? मोज्यातलं?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी पुडी काढून दिली, तवा ठेवला, भाकऱ्या टाकल्या. चटणी परतायला घेतली तसा जवळ्याचा वास स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून पार तिच्या खोलीपर्यंत गेला. इक्बालनी विचारलं, खिडकी उघडू का.

मी म्हटलं, राहू दे.