ओंडकेफोड्या

फिटर तीस वर्षं कारखान्यात राबला आणि सुट्टीच्या दिवशी बायकोच्या बेकरीच्या भट्टीसाठी लाकडं फोडत आला. मग छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. वखारवाला द्यायचा ते अख्खे ओंडके. तेव्हा कुऱ्हाड बायकोनं उचलली. पहाटे भट्टी, दुपारी लाकडं, असे चार महिने गेले. तिनं चकार शब्द काढला नाही, पण एकदा तिला गिऱ्हाइकाशी बोलताना त्यानं ऐकलं, "महिनाअखेरपर्यंत चालवते बेकरी. पुढे नाही निभायचं."

गडी उठला तो थेट भंगारवाल्याकडे गेला. मोडक्या लोडरचा हायड्रॉलिक सिलिंडर, तो चालवायला मोटर, जुना गर्डर, पाचरीसाठी जाड पोलाद, सगळं अंगणात येऊन पडलं. जड उचलायला शेजारचा गॅरेजवाला यायचा; तो एका चहावर खूश. पाचर गर्डरच्या टोकाला पक्की बसवली. सिलिंडर ओंडका ढकलत तिच्यावर नेणार, आणि चालवायचा दांडा सोडला की जागीच थांबणार. कारखान्यात बोटं गमावलेली माणसं त्यानं पाहिली होती. वर हिरवा रंग दिला आणि नाव ठेवलं ओंडकेफोड्या.

चाचणीला अर्थातच स्वतः उभा राहिला. दांडा दाबला आणि गाठीचा ओंडका करकरत दुभंगला. पठ्ठ्याची टाक्यांची छातीसुद्धा फुगली.

"ये, आता तू," तो ऐटीत म्हणाला.

दांडा तिच्या खांद्याशी आला, तोही उजवीकडे, आणि ती तर डावखुरी. डावा हात आडवा घालून तिनं तो कसाबसा गाठला, तेव्हा तिचा चेहरा पाचरीवर वाकला. त्यानं धावत जाऊन मोटर बंद केली.

"अहो, हे तर तुमच्याच मापाचं झालंय!" ती हसत म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वापरणार ती, आणि या शहाण्यानं टेप लावला होता स्वतःला.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. कोपराची उंची घेतली. मग म्हणाला, "हात दे, मुठीचं माप घेतो." तिनं डावा हात पुढे केला. तळव्यावर जुने घट्टे होते आणि त्यांच्या शेजारी ताजे फोड. टेप त्याच्या हातात तसाच राहिला.

"माझ्या वाटणीची कुऱ्हाड चालवलीस," तो म्हणाला. "आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही. फार उपकार आहेत गं तुझे."

"तुम्ही असं बोलायला लागलात की मला भीतीच वाटते," ती म्हणाली, पण हात तिनं काढून घेतला नाही.

यंत्राचे पाय वीतभर कापले, दांडा डावीकडे नेला. वेल्डिंगनं रंग जळून पार अवतार झाला. तिनं मात्र सरळ उभं राहून एकामागून एक आठ ओंडके फोडले, मोटर थांबवली आणि वखारवाल्याला फोन लावला.

"पुढच्या महिन्याची गाडी पाठवा," ती म्हणाली. "जाडे ओंडकेही चालतील. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी यंत्र केलंय."

फिटर उगाचच नट घट्ट करायला खाली वाकला. त्याचे डोळे भरून आले होते.