कोणता हिरो गेला?

वर्षातून एक दिवस माझा मोबाइल सकाळपासून शोकसागरात बुडालेला असतो. बारा वर्षांपूर्वी त्या तारखेला मुंबईत एक मोठा नट गेला, त्याच दिवशी दिल्लीत एक पुढारी गेला आणि संध्याकाळच्या बातम्यांत एका म्हाताऱ्या गायिकेचंही नाव आलं. तिघांचे फोटो एकाच चौकटीत, खाली पेटती पणती आणि ‘विनम्र अभिवादन’. पुढाऱ्याला जन्मभर शिव्या घालणारे त्या दिवशी हात जोडतात. त्या बाईचं एकही गाणं यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता नागपुरात माझे बाबा गेले. ते त्या चौकटीत नसतात.

बाबा त्या नटाचे ‘डुप्लिकेट’ होते. दिवसा गांधीबागेत कापडाच्या दुकानात ठाण उलगडायचे आणि गणपती, शारदोत्सव आले की ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर टोपी तिरपी करून त्या नटाची चाल चालायचे. वस्तीत त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा त्यांच्या नावापुढे कंसात ‘हिरो’ छापलं होतं. गंमत अशी की त्या नटालाही आमची वस्ती हिरोच म्हणायची. कोणता हिरो, ते बोलण्याच्या ओघात समजून घ्यायचं.

मी स्वभावानं संशयी आहे. शाळेत शिकवते, रजेच्या अर्जांत एकच आजी तीन-तीनदा वारलेली पाहिली आहे. पण संशयाचे खरे धडे मला बाबांनीच दिले. लग्न होऊन मी कामठीला गेले त्याच वर्षी त्यांचा फोन आला, पडलो, पाय मोडला, लवकर ये. मी अर्धी रजा टाकून धापा टाकत पोचले तर बाबा दारात नाचत होते आणि आत पाटोडी रस्सा तयार होता. दुसऱ्या वेळी कपाळावर रक्त होतं. ते कुंकू निघालं. तिसऱ्यांदा मी येणार नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलं होतं. ते हसले होते.

तो नट गेला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. टीव्हीवर सकाळपासून त्याचीच गाणी चालली होती. दहाच्या सुमारास बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला.

“हिरो गेला वं!”

“हो काकू, पाहून राहिली ना मी टीव्हीवर.”

“टीव्हीवर काहून येईन? आपला हिरो वं, आपला!”

मागे बराच गलका ऐकू येत होता. त्यात कुणीतरी हसल्यासारखं मला वाटलं. झालं, तिसरा प्रयोग सुरू! “बाबांना सांगा, नाटक मस्त बसलं आहे,” असं म्हणून मी फोन ठेवून दिला आणि वह्या तपासायला बसले.

बाराच्या पुढे आईचा फोन आला, तेव्हा खरा प्रकार कळला. अर्धी वस्ती आमच्या दारात जमली होती. कुणी बांबू आणले होते, बायकांनी सूर लावला होता आणि तेवढ्यात बाबा तोंडाला दाढीचा साबण लावून बाहेर आले. मग हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. बाबांनी खाटेवर आडवं होऊन त्या नटाचा मरणाचा सीनही करून दाखवला. टाळ्या पडल्या.

“कोणी उडवली ही अफवा?” मी विचारलं.

“सगळे म्हणतेत, पानठेल्यावर आयकलं,” आई म्हणाली. “तू ये ना वं आज.”

“उद्या येते.” मला रागच आला होता. बाप गेल्याचा फोन येऊनही मी उठले नाही, असं कुणी म्हणेल की काय, याचाही तो राग असावा.

चारनंतर पुन्हा आईचा फोन. “हे गेले वं.” एवढंच. मी म्हणाले, “आई, पुरे झालं आता,” आणि फोन बंद केला. नंतरचे तिचे फोन मी घेतलेच नाहीत. शेवटी माझ्या नवऱ्यानं घेतला. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा मी उभी राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा घरात चार बायका होत्या, दारात दोन पुरुष. वस्ती सकाळीच रडून आणि हसून मोकळी झाली होती. दुसऱ्यांदा निरोप गेला तेव्हा लोक म्हणाले, ते तर सकाळीच झालं ना, आता किती वेळा? दुसऱ्या दिवशी घरोघरी टीव्हीवर मुंबईतली ती प्रचंड अंत्ययात्रा चालली होती आणि इकडे खांदा बदलायला माणसं पुरत नव्हती. त्या नटाचा मला तेव्हा इतका संताप आला होता की सांगता सोय नाही. मरायला याला तोच दिवस सापडला!

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मला ते पटलं नाही. धडधाकट माणसानं स्वतःच्या तिरडीचे बांबू दारात पाहायचे, तर त्याचं काळीज राहील का जागेवर? ज्यानं ती अफवा उडवली त्यानंच माझ्या बाबांना मारलं, हे मी मनाशी पक्कं केलं. आणि अफवा निघाली होती ठेल्यावरून. बाबांचा सुपारी-तंबाखूचा खर्रा रोज त्याच ठेल्यावर घोटला जायचा. त्या ठेलेवाल्या काकांशी मी बारा वर्षं बोलले नाही. माहेरी येताना ऑटो एक चौक आधी सोडायची आणि मागच्या गल्लीनं घरी जायची. दर वर्षी त्या तारखेला वस्तीच्या ग्रुपवर कोण काय टाकतं, ते डोळ्यांत तेल घालून बघायची. ज्याच्या मनात चोर असतो तो जरा जास्तच हळहळतो, असं माझं मत होतं.

यंदा त्या दिवशी मी आईकडेच होते. नेहमीची तिघांची चौकट आली आणि तिच्याखाली चौथा फोटो आला, तिरप्या टोपीतले बाबा. टाकणारे ठेलेवाले काका. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, “ज्यानं अफवा उडवली त्यानं फुलं वाहू नयेत.”

पंधरा मिनिटांत काका दारात हजर. फार थकले होते. आईनं खुर्ची दिली.

“सगळ्यायले मीच सांगतलं होतं,” ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला मी बारा वर्षं थांबले होते. मी तोंड उघडणार तोच ते पुढे म्हणाले, “पण मले सांगाले लावलं तुह्या बापानंच, पोरी. सकाळी बातमी पाहून ठेल्यावर आला. म्हणे, हिरो गेला एवढंच सांगत राय. कोणता, ते सांगू नोको. पाहू कोण कोण येते.”

“मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, काका.”

“खरं हाय ते,” आई आतून म्हणाली. ती पदराला हात पुसत बाहेर आली. “तीन वर्षं झाली होती, कोणी कार्यक्रमाले बोलावलं नव्हतं त्यायले. मले आधीच सांगून ठेवलं होतं, तू फक्त रडू नोको.”

“वस्ती आली,” काका म्हणाले, “पण त्याले वस्तीचं काही नव्हतं. लोकं गेल्यावर खुर्ची टाकून दारातच बसला. जेवलाबी नाही. ऑटो थांबला का मान वर करे. मले म्हणे, माही पोरगी लय शंकेखोर हाय, पण हे आयकून येईनच.”

मी काकांना विचारलं, “आणि तुम्ही माझा राग बारा वर्षं मुकाट्यानं सोसलात? का?”

त्यांनी आईकडे पाहिलं.

“मीच म्हटलं त्यायले,” आई म्हणाली. “म्हटलं, पोरीचा राग तुम्ही घ्या आपल्या अंगावर. तुमच्यावर राग धरून ती दोन घास खाते तरी. हे समजलं तं कोणावर राग धरंन ती?”

खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आधी हेच आलं, हे दोघं ठरवून तर बोलत नाहीत ना? आणि ते खोटंच बोलत असू देत, असं मला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.