मऊ कणांच्या नलिनी मॅडम

नलिनी मॅडम कुठलीही मऊ वस्तू दोन बोटांत धरून दाबल्याशिवाय पुढे जात नसत. पाव, साबण, गिरीज गावातल्या त्यांच्या वाडीतलं पिकलेलं केळं. आम्ही विद्यार्थी हसायचो. त्या म्हणायच्या, "टणक गोष्टी लगेच कळतात गं. मऊ गोष्टींना वेळ द्यावा लागतो."

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. विषय होता द्रवातले मऊ कण. जेलचे गोळेच, पण डोळ्यांना न दिसणारे, एकमेकांत थोडे घुसू शकणारे. त्यांची दाटी वाढली की ते ठरावीक अंतर राखून शिस्तीत बसू लागतात. दाटीबरोबर ही शिस्त वाढतच जाते, असं मॅडमनी तरुणपणी मांडलं होतं. त्यांचं नाव झालं ते त्यावरच. उलटं सांगणाऱ्यांची गणितं कच्ची आहेत, असं त्या वर्गात ठामपणे सांगत.

माझ्या संगणकावर मात्र शिस्त एका टप्प्यापर्यंत वाढली आणि मग ढासळू लागली. पुन्हा पुन्हा तपासलं, तरी तेच. शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन, धीर करून, एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या घरी गेले.

मॅडमनी आलेख पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आता माझी चूक दाखवतील, असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी दाटी वाढव." वाढवली. शिस्त आणखी मोडली. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. चहा तसाच निवून गेला.

मग त्या हळू आवाजात उलगडून सांगू लागल्या. इतके शेजारी सगळीकडून रेटू लागले की एकाचा रेटा दुसऱ्याला खोडून काढतो. कणाला इथे काय, तिथे काय, सारखंच होतं. "गर्दीतच मोकळा होतो गं तो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहरा मात्र फुलला होता. आपलंच म्हणणं मोडताना माणूस असा दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात जो तो त्या जुन्या कामाचं कौतुक करत होता. मॅडम उठल्या, फळ्यावर माझा आलेख काढला आणि म्हणाल्या, "मी चुकले होते. खरं काय ते ही सांगेल." खडू माझ्या हातात दिला.

मॅडम आता नाहीत. डोळ्यांपुढे येतात त्या निवृत्तीच्या समारंभातल्याच, विद्यार्थ्यांच्या पहिल्या बाकावर बसलेल्या. माझं बोलून झालं, तेव्हा शंका विचारायला पहिला हात त्यांचाच वर गेला होता.