शाडनफ्रॉयडं आणि जिलेबीचा पुडा

लेक जर्मन शिकते. ती चिठ्ठ्यांवर शब्द लिहून देते आणि मी त्या फ्रिजवर ओळीने चिकटवते. आज ‘शाडनफ्रॉयडं’ आला.

“शाडन म्हणजे नुकसान, फ्रॉयडं म्हणजे आनंद,” ती म्हणाली. “जोडले की दुसऱ्याचं वाईट झाल्याचा आनंद.”

मला एकदम आंबू लागलेल्या द्राक्षांचा वास आला. माझ्या लहानपणी निफाडजवळच्या आमच्या बागेत गारपीट झाली, त्यानंतरची सकाळ. फुटलेल्या घडांचा चिकट चिखल पायांना लागत होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. बांधापलीकडची चुलत्यांची बाग मात्र वाचली होती. बांधाच्या भांडणावरून त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या सकाळी ते जिलेबीचा पुडा घेऊन आले.

“देवाची कृपा झाली आमच्यावर, दादा. नैवेद्य दाखवला, म्हटलं पहिला प्रसाद तुम्हाला. लय नुकसान झालं ना?”

बोलताना त्यांची नजर आमच्या बागेवरून सावकाश फिरत होती, जेवण झाल्यावर ओठांवरून जीभ फिरावी तशी. मग ती वडिलांच्या तोंडावर येऊन थांबली.

प्रसाद नाकारायचा नसतो. वडिलांनी तो कपाळाला लावला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाले, “गोड हाय.”

चुलते गेल्यावर वडील घरामागे जाऊन ओकले.

तेव्हा मला वडील भित्रे वाटले होते. आता कळतं, चुलते जे बघायला आले होते ते वडिलांनी त्यांना दाखवलं नाही.

“चिठ्ठी चिकटव ना, आई.”

“ही नको,” मी म्हणाले. “हा शब्द मला पाठ आहे.”