ओडील थिबोने धरलेला डूख

ओडील थिबोच्या दुकानात शिरलं की खुर्ची नंतर, आधी हात धुवायचे. पाण्याची बादली, साबणाची वडी आणि नखं घासायचा ब्रश दारातच मांडलेला. खाणीवरून तडक आलेला एखादा कुरकुरला, तर ती वस्तरा मिटून उभी राहायची. "मला काय, दाढी मी करीन रे बाबा. पण याच हातांनी घरी जाऊन पाव मोडशील ना? धू आधी!" माणसं हसायची आणि धुवायची.

ला रोश हे मिसुरीच्या डोंगरातलं आमचं गाव शिशावरच जगायचं. दार अडवायला शिसं, मासेमारीच्या जाळ्याला शिसं, आणि न्हाव्याच्या पट्ट्यालाही शिसं. वस्तरा परजायच्या पट्ट्याची एक बाजू चामड्याची, दुसरी जाड कापडाची. त्या कापडावर शिशाची कांडी घासून राखाडी थर चढवला, की धार अशी बसते की गालाला कळतसुद्धा नाही. आमच्याकडचे न्हावी हे पणजोबाच्या काळापासून करत आले. आणि कांडी मऊ फिरावी म्हणून ती आधी तोंडात धरून कोमट करायची, ही अक्कलही त्यांचीच!

ओडीलचा नवरा मार्सेल अकरा वर्षं झेनों पोर्टेल न्हाव्याच्या दुकानात कामाला होता. पोर्टेलचे पट्टे आसपासच्या सगळ्या गावांत खपायचे आणि प्रत्येक पट्टा मार्सेलच्या हातून जायचा. कांडी तोंडात, मग कापडावर, मग वरून तळव्याने चोळायचं, आणि दुपारी त्याच बाकावर बसून मक्याचा पाव खायचा. पोर्टेल स्वतः पट्ट्याला हात लावायचा तो बकऱ्याच्या मऊ कातड्याचे हातमोजे चढवूनच. "गिऱ्हाइकाला गोरे हात लागतात, मार्सेल," म्हणायचा. गोरे हात म्हणे! त्याच्या बापाचा हात शिशापायी लोंबला होता, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. पोर्टेलला आठवत नसेल?

एका शनिवारी, दुकान भरलेलं असताना, मार्सेलच्या हातून वस्तरा गळून पडला. उचलायला गेला तर मनगट वर येईना. ओल्या मोज्यासारखा पंजा खाली लोंबला. पोर्टेलने वस्तरा उचलला, सगळ्यांकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाला, "किती दिवस झाकलं मी. पितो हो तो."

मार्सेलने चर्चमधल्या प्रसादाच्या घोटापलीकडे दारू चाखली नव्हती. पण गावाला काय, दुसऱ्याच्या घरची दारू फार लवकर चढते. सोमवारपर्यंत मार्सेल बेवडा झाला होता.

ओडीलने त्याला सेंट लुईला नेलं. डॉक्टरने ओठ उचलून बघितला. हिरड्यांच्या कडेने निळी रेघ. "शिसं," तो म्हणाला. "यापुढे शिवू नका. पण हात पूर्वीसारखा होईल असं मी सांगणार नाही."

ती परत आली ती सरळ पोर्टेलच्या दुकानात. "मालक, एवढंच करा. येत्या शनिवारी चार माणसांत सांगा, की दारू नव्हती, शिसं होतं. आणखी काही मागत नाही."

पोर्टेल खळखळून हसला. "अगं बाई, उतरली की हातही उठेल त्याचा!"

झालं. त्या दिवशी ओडीलने डूख धरला. विश्वासाने ज्याच्या दारात राबावं त्यानेच केसाने गळा कापावा, वर नावही घालवावं, हे ती विसरणार नव्हती. पोर्टेलच्याच तोंडून, शनिवारी, भरल्या दुकानात ते वाक्य ऐकायचं, बस्स.

ती वस्तरा चालवायला स्वयंपाकघरात शिकली. मार्सेल चुलीजवळ बसून तोंडाने सांगायचा. ती साबण फासलेल्या बाटलीवर हात बसवायची, मग त्याच्याच गालावर. "वस्तरा आडवा धर गं, गाल आहे, शलगम नाही!" असं तो ओरडायचा. वर्षभराने तिने पोर्टेलच्या बरोबर समोर दुकान उघडलं. बाईमाणूस दाढी करणार म्हणून लोक आधी गंमत बघायला आले आणि मग यायला लागले.

पट्ट्याला शिसं तीही लावायची, पण तिची रीत वेगळी. काम मागल्या अंगणात, वारा पाठीशी घेऊन. वेगळं एप्रन, ते घरात आणायचं नाही. कांडीला मेणकापड गुंडाळलेलं. तोंडात काही नाही, तंबाखूसुद्धा नाही. भुकटी झटकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. मग वस्तरा पुसायचा, आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही शिवायचं नाही. मार्सेलला तर अंगणात पाऊल टाकायची बंदी.

आमच्याकडे न्हाव्याच्या फळीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा साबणाचा पेला असतो, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव. गिऱ्हाइकाने तो उचलून नेला म्हणजे संबंध तुटला. पोर्टेलच्या फळीवरून एकेक पेला रस्ता ओलांडून ओडीलकडे आला. तो दात-ओठ खात बघत राहिला. पट्टे घासणारा दुसरा कुणी त्याला मिळेना, म्हणून स्वतःच हातमोजे चढवून घासू लागला.

काम संपलं की ते हातमोजे तो दातांनी ओढून काढायचा. एकेक बोट दातात धरून, रोज.

ओडीलला खिडकीतून हे स्वच्छ दिसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातला फेसाचा ब्रश थांबला. मग तिने तो परत गालावर फिरवायला घेतला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मार्सेलजवळसुद्धा नाही.

दोन वर्षं गेली आणि एका शनिवारी पोर्टेल तिच्या दारात उभा राहिला. गालावर चार दिवसांचे खुंट, उजवा पंजा लोंबलेला. दुकान ठासून भरलेलं. पाणी तापवायच्या चुलीजवळ मार्सेल डाव्या हाताने टॉवेलांच्या घड्या घालत होता.

"या मालक," ओडील म्हणाली. "आधी हात धुवा."

त्याने धुतले. ती त्याला खुर्चीत बसवून फेस लावू लागली, तोच बाकावर बसलेले बहिरे इलेर काका ओरडून म्हणाले, "काय रे झेनों, तूही लागलास का बाटलीला?"

सगळं दुकान हसलं. "मालकांनी मार्सेलचीच बाटली संपवली वाटतं!" कुणीतरी म्हणालं.

ओडीलने डाव्या गालावरची दाढी सफाईने उतरवली. टोमणे चालूच होते. पोर्टेलचे कान लाल झाले आणि शेवटी तो उसळला. "थेंब घेत नाही मी! शिसं आहे हे! पट्ट्याचं शिसं!"

वस्तरा थांबला. "आणि मार्सेलचं?"

पोर्टेलने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मालक, मार्सेलचं काय होतं?"

"...तेही शिसंच."

"मोठ्याने. काकांना ऐकू येत नाही."

"शिसंच होतं!" पोर्टेल किंचाळला. "दारू नव्हती! मला ठाऊक होतं!"

हसू कुठल्या कुठे गेलं. दोघाचौघांनी टोप्या काढल्या आणि मार्सेलकडे बघायची लाज वाटून माना खाली घातल्या. ओडीलने वस्तरा पुसला आणि मिटला.

"उठा."

"अगं, पण अर्धीच..."

"मार्सेलचा हात गेला तेव्हा तो चौतीस वर्षांचाच होता. त्याचं आयुष्यही अर्धंच राहिलं. उरलेली तुमच्या हाताने करा."

पोर्टेल उठला. एक गाल गुळगुळीत, एकावर फेस. दारात त्याला काहीतरी सुचलं आणि तो वळला. "तू समोरच बसतेस. मोजे दातांनी काढताना बघितलं असशील. एक शब्द बोलली नाहीस?"

"तुम्ही अकरा वर्षं बघितलंत, मालक," ओडील म्हणाली. "मी दोनच."

शनिवारच्या भर रस्त्यातून तो तसाच गेला. ओडीलने बादलीपाशी जाऊन हात धुतले, नखं घासली. मार्सेल मागे येऊन उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"तू जाऊन त्याला सांगितलं असतंस."

ते खरं होतं. मार्सेलने पोर्टेलचा टॉवेल डाव्या हाताने खुर्चीवरून उचलला आणि धुण्यात टाकला. ओडीलने पुढच्या माणसाचा पेला फळीवरून काढला.