फळीखालचा खड्डा

ठाण्यात मी मैल्याची बैलगाडी हाकायचो. माझी बायको घरांच्या मागच्या गल्लीतून टोपल्या भरून आणायची. गाड्या कोलशेतकडे, खाडीजवळच्या एका मोठ्या खड्ड्यात रिकाम्या होत. खड्ड्यावर फळी टाकलेली होती, तिच्यावरून जाऊन टोपली मधोमध ओतायची. फळी कुजलीय, हे मी मुकादमाला सांगितलं होतं. तुमचं वजन पेलण्याइतकी आहे, म्हणाला.

एका सकाळी ती मोडली. बायको टोपलीसकट खाली गेली. मांडीचं हाड मोडलं, छातीपर्यंत घाण. कडेच्या मातीत बोटं रुतवून ती कशीबशी तग धरून राहिली.

बैलांचे कासरे आखूड होते. शेजारच्या मिठागरात लांब दोर होता, तो मी दुरूनच हात जोडून मागितला. दोर बाटला तर आम्ही काय वापरायचं, असं म्हणून ती माणसं पुन्हा मीठ ओढायला लागली.

तेवढ्यात मुकादम आला. मागे भरलेल्या गाड्या खोळंबल्या होत्या. त्याने वाकून खाली पाहिलं.

"आधी गाड्या मोकळ्या करा. ती कुठे पळून जातेय?"

मी कासऱ्यांना गाठी मारत होतो आणि पलीकडच्या टोकाला गाड्या ओतल्या जात होत्या. घाण तिच्या गळ्याशी आली. तोंड घट्ट मिटून ती माझ्याकडे बघत होती. मी उतरलो, तिच्या काखेखालून कासरा घेतला, वरून एका गाडीवाल्याने ओढलं.

हाडवैद्याने तिला हात लावला नाही. ओट्यावर बसून तो काठीने दाखवत होता, इथे धर, तिकडे ओढ. मी ओढलं. ती किंचाळली.

"गप्प कर तिला," तो म्हणाला. "आत पूजा चाललीय."

हाड वाकडंच सांधलं. बाई कामावर येणार नसेल तर कामासोबत मिळालेली खोली सोडा, असा मुकादमाचा निरोप आला, म्हणून ती पुन्हा कामावर जायला लागली. नव्या फळीवर तिला चालता येईना. बसून सरकायची, टोपली पुढे ढकलत. मिठागरातली माणसं काम थांबवून बघायची आणि हसायची.

"अहो, तिकडे बघू नका," ती मला सांगायची. "बैल सांभाळा."

पुढच्या थंडीत मांडी पिकली, ताप चढला आणि ती गेली. तिचे दिवस व्हायच्या आत मुकादमाने माझ्या गाडीवर दुसरी बाई लावली.