हॉर्नचा रिले

जयपूरच्या जगतपुऱ्यात राहणाऱ्या यमुनाबाईंचा माणसांवर विश्वास बेताचाच, पण रिलेवर मात्र आंधळा. नवरा अचानक गेला तेव्हा त्याच्या जागी रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेल्या या अकोल्याच्या बाईनं सगळी नोकरी रिलेंच्या सोबतीत काढली होती. रिले म्हणजे करंट पुढं सोडणारी नाहीतर अडवणारी डबी. रेल्वेतली ती डबी इतकी इमानी, की स्वतः बिघडली तरी सिग्नल लालच करणार. त्यामुळे निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली जुनी परदेशी गाडी तापली की बंद पडायला लागली, तेव्हा बाईंनी पेट्रोलचा फिल्टर बदलला, टाकी धुतली, पंपसुद्धा नवा बसवला. पंपाच्या रिलेकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही.

अशात लेक गौतमीचं लग्न ठरलं आणि बाईंनी जाहीर केलं, नवरीला हॉलवर मीच नेणार. ड्यूटीपायी या पोरीला एकदाही शाळेत सोडता आलं नव्हतं, ते त्यांना फार लागून राहिलं होतं. गौतमीनं आढेवेढे घेत होकार दिला, पण अट घालून.

"वाटेत एकदा जरी बंद पडली ना आई, तर मी कॅब बोलवणार. मतलब, मग रुसायचं नाही."

लग्नाच्या सकाळी मागं पांढऱ्या साडीतली गौतमी, पुढं तिचा मोठा भाऊ स्वप्नील आणि स्टिअरिंगवर पदर खोचून यमुनाबाई, अशी स्वारी निघाली. दुर्गापुऱ्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि मान टाकली. गौतमीनं फोन काढून कॅब बोलावली.

"कुठं हाय तुही कॅब?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या चौकात."

बाईंनी किल्ली फिरवली. एरवी मागच्या सीटखालून पंपाची घूं ऐकू यायची, आज चिडीचूप. बदलायचं आता काहीच उरलं नव्हतं, त्या रिलेशिवाय. त्यांनी बॉनेट उघडलं, रिलेवर बोट ठेवलं आणि स्वप्नीलला किल्ली फिरवायला सांगितली. धड रिले बोटाखाली टकटक करतो. हा ढिम्म हलला नाही.

"हाच निघाला लुच्चा," बाई म्हणाल्या, आणि भर रस्त्यात त्यांना असं हसू फुटलं की आवरेना.

"आई, हसतेस काय?" गौतमीनं खिडकीतून विचारलं.

"अवं, अर्धी गाडी बदलून टाकली म्या, अन् याच्यावर शक म्हणून नाई घेतला."

स्वप्नील म्हणाला, "तिथं तार जोडून टाकू ना. सब यही करते हैं."

"तार जोडली की टक्कर झाली तरी पंप पेट्रोल फेकतच राह्यते. अन् मांगं नवरी बसली हाय." एवढं बोलताना त्यांची नजर शेजारच्या हॉर्नच्या रिलेवर गेली. तेवढाच, तसेच चार पाय, पायांवर तेच आकडे. बाईंनी तो उपटला आणि पंपाच्या जागी दाबून बसवला. किल्ली फिरली, पंप घुमला, एंजिन सुरू झालं. स्वप्नील रस्त्यावरच तोंडानं बँड वाजवत नाचायला लागला.

तेवढ्यात कॅबवाला येऊन थांबला. "मॅडम, चलना है?"

गौतमीनं आईकडे पाहिलं. गालावर ग्रीस, हसून हसून डोळ्यांत पाणी. "कॅन्सल, भैया," ती म्हणाली. "मम्मी छोड़ रही है."

आता जयपुरात हॉर्नवाचून गाडी हाकायची म्हणजे थट्टा नव्हे. उजवीकडून स्वप्नील ओरडणार असं ठरत होतं, पण उजवीकडे तर आईच बसलेली. मग तो डावीकडून ओरडला, आई उजवीकडून, आणि पहिल्याच ई-रिक्षाला नवरीनं खिडकीबाहेर डोकं काढून असा काही "हटो भैया" ठोकला की रिक्षावाला हात जोडून बाजूला झाला. मग तिला चटकच लागली. गाईला, टँकरला, फुटपाथवरच्या निरुपद्रवी म्हाताऱ्यालासुद्धा तिनं सोडलं नाही. तिघंही पोटं धरून हसत होती.

हॉलचं गेट दिसलं. व्याही हार घेऊन उभे, मागं लग्न लावायला आलेले भन्तेजी. बाईंनी वेग कमी केला.

"थांबू नकोस," मागून हलका आवाज आला. "आई, अजून एक चक्कर. छोटीशी."

"लोकं वाट पाहून राह्यले, गौतमी."

"पाहू दे ना."

यमुनाबाईंनी गिअर बदलला. हार उंचावलेल्या व्याह्यांच्या नाकासमोरून गाडी सरळ पुढं निघून गेली.